पान संपल्यावरही ती वाचत होती

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. पंचवीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय, आणि एवढी वर्षं या दोन्हींवर माझं बरं चाललं. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा. भिंतीपलीकडं कापडाचे माग खडखडतात, त्यामुळं हळू बोलणाऱ्या बाईचं इथं कामच नाही. माझं माहेर केमकडचं. या बांधावरून त्या बांधाला हाका मारत वाढलेली मी, मागांचं मला काय वाटणार? मागच हरले म्हणा.

आमच्याकडं वाचन शिकवायची एक रीत आहे. कुणी पाडली देव जाणे. मी तशीच शिकले, माझ्या बाईही तशाच शिकवायच्या. वर्गातलं एक चुणचुणीत लेकरू पुढं उभं करायचं आणि त्याच्या हातात पट्टी द्यायची. ते फळ्यावर पट्टी ठेवून म्हणणार, "क ला काना का", की मागून सगळा वर्ग ओरडणार, "क ला काना का." धडाही तसाच. पुढचं लेकरू एक ओळ म्हणतं, मागचे तीच ओळ म्हणतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, काय अभ्यास चाललाय! मुख्याध्यापक आपल्या खोलीत बसून खूश. आणि बाई? बाई टेबलाशी बसून मोबाईलवर माहिती भरत असतात. जंताच्या गोळ्या किती जणांनी घेतल्या, आधार किती जणांचं जोडलं, खिचडीला तांदूळ किती लागला. खोटं कशाला बोलू, ती पट्टी म्हणजे माझी रोजची अर्ध्या तासाची सुट्टी होती.

माझ्या वर्गात ती पट्टी जवळजवळ दीड वर्ष एकाच मुलीच्या हातात होती. पहिलीत आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायचं. घरी तेलुगू. वडील मागावर कामाला, आई घरीच मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पण पोरगी अशी तरतरीत की एकदा कानावर पडलं ते डोक्यात बसलंच. दिवाळीपर्यंत पुस्तक धडाधडा वाचायला लागली. दोन घट्ट वेण्या, आणि आवाज थेट माझ्यासारखा. शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, "तुमची लेक शोभते हो." मला ते आवडायचं.

पालकसभेला तिची आई कोपऱ्यात बसायची. मी मुद्दाम पोरीला सगळ्यांसमोर वाचायला लावायची. आईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. लेक वाचायला लागली की ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि त्या हसण्यानं मलाच मोठं बक्षीस मिळाल्यासारखं व्हायचं. घरात लाईटबिल आलं, दवाखान्याचा कागद आला, की लेकीलाच वाचायला द्यायची. मला एकदा अभिमानानं म्हणाली, "आता मला कुणाच्या दारात जावं लागत न्हाई बाई, घरातच वाचणारी हाय की." माझ्या वाचनाच्या नोंदवहीत तिच्या नावासमोर पहिलीच्या दिवाळीपासून एकच शेरा होता. वाचन येते.

दुसरीतली गोष्ट. थंडी नुकती सुरू झाली होती. तिच्या धाकट्या भावानं घरी तिचं पुस्तक फाडलं होतं. एक पान सुटं झालेलं, आणि त्या पानाचा खालचा अर्धा भाग गायब. ती ते उरलेलं अर्धं पान बाकावर ठेवून, त्यावर बोट टेकवून वाचत होती. कोंबडीच्या पिलांचा धडा होता. मी सहज जवळ उभी राहिले. वरच्या ओळी झाल्या. बोट फाटलेल्या कडेवरून खाली घसरलं आणि बाकाच्या लाकडावर आलं. आणि काय सांगू, ती वाचतच राहिली! लाकडावर बोट सरकतंय, ओळ संपली की परत डावीकडं येतंय, पुढची ओळ सुरू. पिलं घरी आली, आईच्या पंखाखाली झोपली, धडा संपला. एक शब्द चुकला नाही.

आधी मला हसू आलं. मग मी खडू उचलला.

मी फळ्यावर 'गवत' लिहिलं आणि तिला वाच म्हटलं. तिनं फळ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. वाट बघत होती, बाई ओठ कधी हलवतात याची. मी ओठ मिटून उभी. मग फळ्यावर एक नजर टाकून हळूच म्हणाली, "गणपती." मी 'नळ' लिहिलं. "नळ" म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग 'नख' लिहिलं. तेही "नळ"च. भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'न'पुढं नळाचं चित्र आहे, ते तिला पाठ होतं.

तेव्हा मी शांत राहायला हवं होतं. राहिले नाही. भर वर्गात ओरडले, "दोन वर्षं मला बनवत होतीस काय गं?" ती पट्टी छातीशी धरून उभी. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मी रोज वाचते की." आणि तिचं खरंच होतं. तिच्या लेखी वाचणं म्हणजे तेच. आपण शिकवलं ते तिनं केलं. पट्टी मी दिलेली, रीत माझी, शेरा माझा, आणि ओरडा मात्र सात वर्षांच्या पोरीला. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार? त्या दिवशी डबा तसाच परत घरी नेला.

दुसऱ्या दिवशी एकेकाला जवळ घेऊन मी सगळा वर्ग तपासला. पुस्तक बंद, चित्र नाही, फळ्यावर साधे शब्द. तिच्यासारखी आणखी सात निघाली. वहीतले आठ शेरे मी खोडले आणि 'वाचन येत नाही' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो बाई, तुमचा सगळा वर्ग वाचतो म्हणून वर कळवून बसलोय मी. तपासणीला साहेब आले तर पुस्तकातलाच धडा विचारणार ना? येतोय ना तो? मग झालं तर!" मी म्हटलं, "साहेबांचं होईल हो. पोरांचं काय?" त्यांनी वही मिटून परत दिली. वाईट माणूस नाही, पण फार घाबरट.

मी पट्टी कपाटात टाकली. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास आठजणांना वऱ्हांड्यात बसवायला लागले. आणि इथं मी दुसरी चूक केली. पालकांना खरं सांगितलं नाही. "जादा अभ्यास घेते," एवढंच म्हणाले. त्या आईच्या तोंडावरचं हसू आठवायचं आणि माझी जीभ रेटायची नाही. मोठा आवाज नुसता गळ्यात असून भागत नाही, हे तेव्हा कळलं.

शिकवायला बसले तेव्हा मला समजलं की आपण पोरांच्या डोक्यात काय भरून ठेवलंय. 'कमळ' लिहून वाचायला सांगितलं की म्हणायची, "क कमळाचा, म मगरीचा, ळ बाळाचा." बरं मग, शब्द कुठला झाला? "कमळमगरबाळ!" बाकीचे हसले नाहीत, कारण त्यांनाही तेच वाटत होतं. 'मि' दाखवला तर सरळ 'मि' म्हणता येत नव्हतं. म, मा, मि, अशा पायऱ्या चढत यायची. आपण नाही का, आठ साते किती विचारलं की आठ एके आठपासून सुरू करतो, तसं. आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये कुणी बोललं की परत खालून.

मी तक्त्यावरची सगळी चित्रं जुन्या वर्तमानपत्रानं झाकली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूची कार्डं कापली. पहिले आठ दिवस चारच अक्षरं, ग, म, न, र. कमळ नाही, मगर नाही, नुसता आवाज. दोन कार्डं लांब लांब ठेवायची, एकेक आवाज काढायचा, मग कार्डं सरकवून जवळ आणायची आणि आवाजही जवळ आणायचे. म... न. म.. न. मन. त्या चार अक्षरांतून नगर झालं, मगर झाली, गगन झालं. मग मी एक दिवस 'गनम' ठेवलं. तिनं वाचलं आणि भडकली. "असला शब्द नसतोय बाई!" मी म्हटलं, "नसू दे. तू वाचलास ना?" तिच्या लक्षात आलं आणि गालातल्या गालात हसली. ओळखीचा शब्द ती पाठांतरानं मारून नेऊ शकत होती. नसलेला शब्द वाचायला वाचताच यावं लागतं. मग रोज शेवटी असले दोन-तीन भुताचे शब्द ठेवायचे, आणि आठही जण त्यासाठीच थांबायचे.

'आहे', 'आणि', 'नाही' असे शब्द मात्र पावलापावलाला येतात, ते दर वेळी फोडत बसलं तर वाक्य कधी संपायचं? त्यांची वेगळी कार्डं केली. पत्ते टाकल्यासारखी एकेक टाकायची, आधी ओळखेल त्याला कार्ड. यात ती सगळ्यांची वाट लावायची. पण नवा शब्द आला की गाडी अडलीच. एकेका ओळीला घाम फुटायचा. कधीकधी मध्येच पुस्तक मिटून मला म्हणायची, "बाई, पट्टी द्या ना एकदा." मी नाही म्हणायची. तिचा चेहरा पडायचा आणि मला वाईट वाटायचं, पण दिली नाही.

इकडं माझा वर्ग गप्प झाला होता. मुख्याध्यापक दोनदा दारात येऊन गेले. "बाई, तब्येत बरी आहे ना? वर्गातून आवाज येत नाही." मी म्हटलं, "वाचतायत, सर." ते बिचारे बराच वेळ कान देऊन उभे राहिले.

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. पाणी प्यायला म्हणून ती टाकीकडं गेली आणि परत आलीच नाही. बघायला गेले तर टाकीसमोर उभी, बोट हवेत. टाकीवर निळ्या रंगानं 'पाणी जपून वापरा' असं लिहिलेलं आहे. मी या शाळेत आले त्याच्या आधीपासून आहे. ती एकेक अक्षर धरून जोडत होती. "पा... णी. पाणी. ज... प... जपू... जपून." 'वापरा'ला बराच वेळ लागला. वाचून झालं आणि माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "बाई, हे हितं आधीपासून लिहिलं होतं?"

मला रडू आलं. लपवायचं काय त्यात? पंचवीस वर्षांत पोरांनी मला कितीतरी धडे म्हणून दाखवले असतील. पण इतका आनंद मला त्यातल्या एकाही धड्यानं दिलेला नाही.

मग उन्हं तापली, शाळा सकाळची झाली, आणि एक दिवस शाळा सुटताना तिची आई वर्गात आली. घाईत होती. विड्यांची टोपली बाहेर शेजारणीपाशी ठेवून आलेली. नमस्कार नाही, बसणं नाही.

"बाई, पोरीचा दाखला द्या."

"का हो ताई? काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारताय? माझं लेकरू पयलीत कसं वाचायचं! गाडीवानी. आता बघावं तर एकेका अक्षराला अडतंय. गल्लीतल्या बाया हसतात, म्हणतात, तुझी लेक उतरणीला लागली. पुढच्या रस्त्याला नवी शाळा निघालीय, तितं पोरं लई भराभरा वाचतात. मी ऐकून आले की. तितं घालते."

ती शाळा मला माहीत होती. तिथंही पट्टीच चालते, फक्त इंग्रजीतून. तिथं गेली की पोरगी पहिल्याच आठवड्यात पुढं उभी राहणार, सगळे वा वा करणार, आणि दोन-तीन वर्षांनी पुस्तकं जाड झाली, पाठ करण्यापलीकडं गेली, की गपकन बुडणार. तेव्हा तिला कार्डं कापून देणारं कोण असेल? अजून दोन महिने मिळाले असते तर तिचं ती वाचती झाली असती. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण ते सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागत होतं.

मी सांगितलं. "ताई, तिला आधी वाचता येतच नव्हतं. सगळं पाठ होतं. मी फसले, आणि तुम्हालाही मीच फसवलं. आत्ता कुठं ती वाचायला लागलीय. खरं वाचणं आधी असंच हळू असतं."

"काहीतरीच काय बोलताय!" आईचा आवाज चढला. "घरातले सगळे कागद हीच वाचते. थांबा." तिनं कमरेची पिशवी काढली आणि चौघडी घातलेली एक छापील चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "हे बघा. दवाखान्यातलं हाय. माझ्या रक्ताच्या तपासणीचं. हिनं वाचलं, सकाळी जेवून या म्हणून. मी जेवून गेले, तर तितली पोरगी मलाच बोलली, परत पाठवलं. माझा दिवस गेला. मी भांडून आले तिच्यासंगं. म्हटलं, तुमीच चुकीचं लिहिलंय, माझी लेक शाळेत पयली हाय! म्हणून तर ही चिठ्ठी जपून ठेवलीय. परत बोलली तर दाखवायला."

मी चिठ्ठी पाहिली. पाहिलं आणि वाचून दाखवायला तोंड उघडलं. मग मिटलं. पोरगी दारापाशी दप्तर पोटाशी धरून उभी होती, चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिला पळवाट होती. परत एकदा 'सकाळी जेवून या' म्हणायचं, धडाधडा, मोठ्या आवाजात. आईनं विश्वास ठेवला असता. मीही भांडू शकले नसते, कारण आईला वाचता येत नाही. आणि आई तिला घेऊन गेली असती. पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी ओठ मिटलेलेच ठेवले. फार जड गेलं ते.

तिनं चिठ्ठी बाकावर पसरली, त्यावर बोट ठेवलं.

"स... का... सकाळी." थांबली. पुढं 'नऊ' होतं, ते आलं. 'वाजता' आलं. मग बोट पुढच्या शब्दावर गेलं आणि तिथंच थबकलं. भिंतीपलीकडं माग चालू होते. आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "उ... पा... उपा... शी. उपाशी. पो... टी. उपाशीपोटी. ये... णे. येणे."

"उपाशी?" आई म्हणाली. मग, "आन् त्या दिवशी 'जेवून या' कुठनं आणलंस?"

"मला येत नव्हतं, अम्मा."

"मग सांगायचं न्हाई?"

"तू हसायचीस," पोरगी म्हणाली. "मी वाचलं की तू हसायचीस."

आईचा हात वर गेला. मी मध्ये पडले, "मारू नका ताई, तिची चूक नाही, माझी—"

"तुमी गप बसा बाई," आई म्हणाली.

मी गप बसले. तिनं तो वर गेलेला हात कपाळावरून फिरवला, आणि पोरांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून कशीबशी बसली. बाहेरून शेजारणीनं हाक मारली, टोपली उचलू काय म्हणून. आईनं पोरीला दंडाला धरून शेजारी ओढलं, घड्या पडलेली चिठ्ठी तळहातानं सरळ केली आणि तिच्यासमोर ठेवली.

"मेल्लगा सदुवु," आई म्हणाली.

एवढी वर्षं इथं काढल्यावर तेवढं तेलुगू मला कळतं. हळू वाच.